'तमस' : कुऱ्हाडीच्या कोणत्या बाजूला?

जानेवारी १९८८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी निकाल देण्याआधी एक टीव्ही मालिका बसून पाहिली, पहिल्या दृश्यापासून शेवटच्या दृश्यापर्यंत. मालिका जवळपास पाच तासांची. न्यायमूर्ती होते बख्तावर लेंटिन आणि सुजाता मनोहर. लेंटिन यांचे नाव जे.जे. रुग्णालयातील ग्लिसरॉल प्रकरणाच्या चौकशीमुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. सुजाता मनोहर पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मालिका होती गोविंद निहलानी यांची 'तमस'. दूरदर्शनवर तिचे प्रसारण सुरू झाले होते आणि मधेच उच्च न्यायालयाच्या एका आदेशाने तिला स्थगिती मिळाली होती.

स्थगिती मागणारा मुंबईचा एक मुस्लिम होता, हे आज फारसे कुणी सांगत नाही. त्याच काळात काही हिंदू संघटनाही याच मालिकेविरुद्ध रस्त्यावर आल्या होत्या. एकाला वाटत होते, यात मुसलमान वाईट दाखवलेत. दुसऱ्याला वाटत होते, यात हिंदू वाईट दाखवलेत. निहलानींना काही काळ पोलीस संरक्षणात राहावे लागले. दोन्ही बाजूंचा आक्षेप मुळात एकच होता : ही दृश्ये पाहून माणसे भडकतील, आणि अडाणी माणसे तर नक्कीच.

लेंटिन-मनोहर खंडपीठाने स्थगिती उठवली. निरक्षर माणूस म्हणजे अक्कल नसलेला माणूस नव्हे, पडद्यावर धर्मांधांचे कारस्थान उलगडताना त्यालाही ते कळते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १६ फेब्रुवारी १९८८ रोजी न्या. सब्यसाची मुखर्जी आणि न्या. एस. रंगनाथन यांनीही याचिका फेटाळली. त्यासाठी त्यांनी न्या. विवियन बोस यांची जुनी कसोटी वापरली. एखाद्या शब्दाचा वा चित्राचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर माणसाच्या मनावरून, डळमळीत आणि जागोजागी धोका पाहणाऱ्या मनावरून नाही, अशी ती कसोटी आहे.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या प्रकरणात शिकवतात. माझा मुद्दा थोडा बाजूचा आहे. पडद्यावर ताण कसा उभा केला जातो, आणि तो उभा राहताना पाहणाऱ्याला कुठे बसवले जाते, हा न्यायमूर्तींसमोरचा खरा प्रश्न होता. याचिकेत तो या शब्दांत नव्हता, एवढेच. 'तमस' आम्ही त्या वर्षी लासूर स्टेशनला पाहिली. त्यामुळे या प्रश्नाचे एक उत्तर मला निकालपत्राच्या बाहेरही सापडते.

लासूर स्टेशन म्हणजे गंगापूर तालुक्यातले रेल्वेच्या आधाराने वाढलेले बाजाराचे गाव. निजामाच्या काळात मनमाड-हैदराबाद मार्ग झाला, त्यावर मीटरगेजची गाडी धावायची आणि गावाचे नावच स्टेशनवरून पडले. १९८८ मध्ये टीव्ही मोजक्या घरांत होते. आम्ही जात असू ते एका अडत्याचे घर होते. लाकडी खोक्यातला, सरकत्या शटरचा, कृष्णधवल टीव्ही. गच्चीवर लांब पाइपला बांधलेला अँटेना, आणि एक पोरगा कायम वर. 'आलं का?' 'मुंग्या आल्या!' 'आता?' 'थांब, थांब, हलवू नकोस!' पुढे लहान मुले फरशीवर, पुरुष ओसरीत, बायका आतल्या दाराशी. माझी दादी दाराच्या चौकटीला पाठ टेकून बसायची. लाईट गेली की सगळे तिथेच अंधारात बसून राहायचे, कारण उठले की जागा जायची.

या टीव्हीवर 'तमस'चे पहिले दृश्य जवळजवळ दिसलेच नाही, ते ऐकू आले.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. फाळणीच्या आधीचा पंजाब. नत्थू हा कातडी कमावणारा चांभार. एका मध्यस्थाने त्याला एक डुक्कर मारून द्यायला सांगितले आहे, गुरांच्या डॉक्टरसाहेबांना हवे आहे म्हणून. भीष्म साहनींच्या कादंबरीत हातावर पाच रुपयांची नोटही ठेवली आहे. नत्थूने कधी डुक्कर मारलेले नाही. एका कोंदट खोलीत, एका दिव्याच्या उजेडात, हातात सुरा घेऊन तो आणि ते जनावर समोरासमोर रात्र काढतात. ओम पुरी नत्थू झाले आहेत. संवाद म्हणावा असा नाही. धाप आहे, जनावराचा घुरघुराट आहे, घाम आहे.

आमच्या पडद्यावर काळोखात मुंग्या होत्या आणि त्यातून अधूनमधून ओम पुरींचा देवीच्या खड्ड्यांचा चेहरा वर यायचा. पण छायाचित्रकाराने जे केले ते फुकट गेले नाही. मालिकेचे छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचे. गुरुदत्तच्या 'कागज के फूल'मध्ये उजेडाचा तो झोत आणणारे हेच मूर्ती, आणि निहलानी उमेदवारीच्या काळात त्यांचेच साहाय्यक होते. एका दिव्याने खोली उजळायची म्हणजे खोलीचा बहुतेक भाग अंधारात ठेवायचा. जनावर त्या अंधारात गेले की ते कुठून येईल हे नत्थूला कळत नाही आणि आपल्यालाही कळत नाही. ज्याला दिसत नाही त्याच्याच शेजारी आपल्याला उभे केले जाते. पुढे एवढेच लागते की दृश्य लवकर संपू नये. इथे ते संपत नाही. हिंदी सिनेमाच्या सवयीने आपण वाट पाहतो की आता सुरा लागेल आणि दृश्य बदलेल, आणि प्रत्येक वेळी सुरा लागत नाही.

आता मुसलमान घरातल्या लेकराने हे पाहणे म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. आमच्याकडे त्या जनावराचे नावही घेत नाहीत. फारच वेळ आली तर 'वो जानवर' म्हणतात. दृश्य सुरू झाले तेव्हा ओसरीतल्या आमच्या लोकांत चुळबुळ झाली, एकाने मान फिरवली. घर हिंदूचे, प्रेक्षक मिश्र, आणि पडद्यावर हे. अडत्याच्या बायकोने विचारले, 'बंद करू का?' कुणी उत्तर दिले नाही. काही मिनिटांनी मान फिरवलेला माणूसही पडद्याकडे पाहत होता. तो किळसवाणेपणा पाहत नव्हता, नत्थूला पाहत होता. हा माणूस फसवला गेला आहे हे आम्हाला वासाने कळले होते, त्याला कळले नव्हते. सकाळी ते जनावर मशिदीच्या पायरीवर सापडते तेव्हा पुरुषांपैकी कुणीतरी हळूच म्हणाले, 'बेचारा.' ते मशिदीबद्दल नव्हते, नत्थूबद्दल होते.

मशिदीच्या पायरीवर डुक्कर टाकलेले दाखवायचे, आणि तरीही मुसलमान प्रेक्षकाची पहिली कळवळ ते मारणाऱ्या दलित माणसासाठी निघेल अशी व्यवस्था करायची, हे संवादांनी झाले नसते. 'हा निरपराध आहे' असे कुणी म्हटले असते तर आम्ही मानले असते किंवा नसते. आधीची ती रात्र आम्ही त्याच्यासोबत काढली होती, म्हणून मानण्या-न मानण्याचा प्रश्नच उरला नाही.

आल्फ्रेड हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीतले टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण सिनेमाच्या प्रत्येक वर्गात सांगितले जाते. दोघे गप्पा मारत बसलेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. पण टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितले आणि त्या दोघांना नाही, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा तो पंधरा मिनिटे श्वास रोखून ऐकतो. या उदाहरणाची एक बाजू वर्गात सुटते असे मला वाटते. बॉम्ब कुणाच्या टेबलाखाली ठेवायचा, हा निर्णय दिग्दर्शकाचा असतो. ज्याच्या टेबलाखाली ठेवला त्याच्यासाठी प्रेक्षकाचा जीव तुटतो. ज्याने ठेवला त्याचा त्याला राग येतो. दंगलीच्या गोष्टीत हे दोघे कोण असतील याला फार किंमत आहे.

साहनींनी हा हिशेब कादंबरीतच पक्का केला होता. ते मूळचे रावळपिंडीचे. मार्च १९४७ च्या दंगलीनंतर त्यांनी मदत समितीत काम केले होते. पण लिहायला त्यांनी मधे वीसहून अधिक वर्षे घेतली, आणि लिहायला बसवले ते महाराष्ट्राने. ७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली. पुढे जळगाव, महाड. न्या. दि. पी. मादोन आयोगाने तिची चौकशी केली. भाऊ बलराज साहनी यांच्यासोबत भीष्म साहनी त्या वेळी भिवंडीत गेले होते. जळालेली घरे आणि बंद पडलेले माग पाहताना त्यांना रावळपिंडी आठवली, आणि 'तमस' तिथून सुरू झाली. १९७५ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पंजाबची म्हणून वाचली जाणारी ही कादंबरी भिवंडीच्या राखेतून उठली आहे, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवायला हरकत नाही.

निहलानी स्वतः कराचीत जन्मलेले, फाळणीने उखडलेल्या कुटुंबातले. कॅमेऱ्यामागे त्यांची सुरुवात मराठीत झाली : सत्यदेव दुबे यांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'चे छायाचित्रण त्यांचे. पुढे बेनेगलांचे सिनेमे, मग स्वतःचे. 'आक्रोश' आणि 'अर्धसत्य' या दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि 'अर्धसत्य'च्या मुळाशी श्री. दा. पानवलकरांची मराठी कथा. 'आक्रोश'मधला लहान्या भिकू जवळजवळ पूर्ण सिनेमाभर बोलत नाही. खुनाच्या आरोपावर गप्प बसलेला तो आदिवासी कधी तोंड उघडेल, याच एका गोष्टीवर प्रेक्षकाला खिळवून ठेवले आहे. गप्प माणसाच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखून ताण वाढवता येतो, हे निहलानी-ओम पुरी जोडीने तिथे करून पाहिले होते. नत्थू त्याच चेहऱ्याचा पुढचा अवतार आहे.

कादंबरीतला आणखी एक प्रसंग घेतो, कारण त्याहून नेमका टेबलाखालचा बॉम्ब मला भारतीय साहित्यात माहीत नाही. काही पोरांची टोळी शस्त्रे जमवून बसली आहे. त्यांच्यातल्या रणवीरला गुरूने आधी एक कोंबडी मारायला लावून 'दीक्षा' दिली आहे. मग यांना पहिली शिकार हवी असते. गल्लीतून एक म्हातारा अत्तरवाला येतो, मुसलमान, खांद्याला झोळी, कानात अत्तराचा फाया. टोळीतले सर्वांत लहान पोर त्याच्या बाजूने चालू लागते. खिशात चाकू. म्हाताऱ्याला वाटते, दंगलीच्या दिवसांत एकटे पोर बाहेर पडले आहे, घाबरले असेल. तो त्याला धीर देतो, आपल्या धंद्याच्या गोष्टी सांगतो, कुठल्या गल्लीत किती विक्री होते वगैरे. दोघे चालत राहतात. म्हाताऱ्याच्या प्रेमळ बडबडीचे प्रत्येक वाक्य वाचताना आपल्याला आतड्याला पीळ बसल्यासारखे होते. त्यात साहनी त्या पोरालाही सोडत नाहीत. त्याचे वय, त्याचे घाबरणे, मागे लागलेले 'करून दाखव'. म्हातारा पडतो तेव्हा पोराचेही काहीतरी कायमचे पडलेले असते. माझ्या धर्माचा माणूस तिथे मरतो, आणि तरी वाचून मला त्या पोराच्या धर्माचा राग येत नाही. ज्यांनी त्याच्या हाती कोंबडी दिली त्यांचा येतो.

आता राजोकडे येतो.

हरनामसिंग आणि त्याची बायको बंतो हे म्हातारे शीख जोडपे. गावातले चहाचे दुकान जळाले, रात्रभर चालून ते एका अनोळखी गावात पोचतात आणि एक दार ठोठावतात. दार उघडते ती राजो, मुसलमान बाई. मालिकेत हरनामसिंग स्वतः भीष्म साहनी आहेत, बंतो दीना पाठक आणि राजो सुरेखा सिक्री. या भूमिकेसाठी सिक्रींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कितीही वेळा पाहिले तरी मला तो कमीच वाटतो.

ती लगेच 'या' म्हणत नाही, इथेच ताणाची पहिली गाठ पडते. घरातले पुरुष बाहेर गेलेत. कशासाठी गेलेत हे तिला माहीत आहे. दार उघडे ठेवणे धोक्याचे, लावून घेणे पाप. सिक्रींच्या चेहऱ्यावर हे दोन्ही एकाच वेळी दिसते. ती त्यांना आत घेते. सुनेला हे मंजूर नाही. म्हणजे आता घरात एक पाहारेकरी आणि एक फितूर, दोघी बायकाच. पुरुष अजून दृश्यात आलेलेही नाहीत.

मग ताकाचा वाडगा. राजो त्यांना ताक देते, आणि ते दोघे क्षणभर थांबतात. मुसलमानाच्या हातचे प्यायचे का? कादंबरीत राजो त्यांना समजून घेते, पंडिताच्या घरून भांडे आणून देऊ का असे विचारते, पण पंडित तरी घरी असेल कशावरून, अशीही शंका काढते. जीव वाचवायला आलेली माणसे भांड्यापाशी अडतात! ज्यांनी आपल्या खेड्यांत वेगळा कप आणि वरून ओतलेले पाणी पाहिले आहे त्यांना हा थांबा कळेल. आमच्या त्या ओसरीतही तो सगळ्यांना कळला. आम्ही अडत्याच्या घरी टीव्ही पाहायला बसायचो, पण पाणी प्यायला आपापल्या घरी जायचो. दोन्हीकडच्यांनी कधी हे बोलून दाखवले नव्हते. ते दोघे ताक पितात तेव्हा सुटकेचा श्वास टाकणाऱ्यांत कोण कोण होते, हे मी मागे वळून पाहायला हवे होते. पण मी पडद्याकडे पाहत होतो.

त्यांना शिडीने माळ्यावर चढवले जाते. मग घरधनी येतो, खांद्यावर लुटीची मोठी ट्रंक घेऊन. ट्रंक हरनामसिंगची आहे. सून अक्रां कुलूप तोडायला बसते. आता पाहा, खोलीत किती जणांना काय माहीत आहे. घरधन्याला माहीत नाही की वर कोण आहे. त्याला हेही माहीत नाही की ट्रंकेचा मालक दहा हातांवर आहे. वरच्यांना सगळे माहीत आहे आणि बोलता येत नाही. बायकांना अर्धे माहीत आहे. सगळे माहीत असलेले फक्त आपण. एक कुलूप, त्यावर पडणारे घाव, आणि प्रत्येक घावाला वर बसलेल्या दोघांचा हलणारा जीव. शेवटी हरनामसिंगच वरून आवाज देतो की कुलूप तोडू नका, किल्ली माझ्याकडे आहे. लपलेला माणूस स्वतःच स्वतःला उघड करतो, आणि तेही चोराला किल्ली देऊन. भयपटात कुणी असे लिहिले असते तर आपण हसलो असतो. इथे कुणी हसत नाही. घरधनी आणि हरनामसिंग यांची जुनी देवाणघेवाण निघते, आणि लुटारू आपल्याच घरात ओशाळतो.

तरी ताण उतरत नाही, कारण मुलगा यायचा आहे. रमजान कट्टर, हातात कुऱ्हाड. तो दारावर येतो आणि समोर दोन म्हातारी माणसे पाहतो. परक्या काफराला रस्त्यात मारणे निराळे आणि आपल्या घरात आसऱ्याला आलेल्या ओळखीच्या माणसावर कुऱ्हाड चालवणे निराळे, असा कादंबरीतला विचार आहे. कुऱ्हाड वर जाते आणि खाली येत नाही.

हे दृश्य चालू असताना आमच्या ओसरीत कुणी खोकलेसुद्धा नाही. आणि मग माझी दादी, जी टीव्हीसमोर कधी बोलायची नाही, दाराशी बसल्या बसल्या म्हणाली, 'सुपडे की आवाज रुकती तो हम खतम थे.'

आम्हाला कळेना. घरी गेल्यावर तिने सांगितले. सप्टेंबर १९४८. मराठवाड्यात आजही ज्याला 'पोलीस ॲक्शन' म्हणतात ते दिवस. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्याआधी रझाकारांनी गावोगाव हिंदूंवर जुलूम केले होते. नंतरच्या दिवसांत त्याचा सूड अशा मुसलमानांवर निघाला ज्यांचा रझाकारांशी संबंधही नव्हता. त्याची पाहणी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने केली, आणि तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. दादी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची, नवी सून. गंगापूर तालुक्यातल्या एका खेड्यात पाटलीणबाईने तिला आणि तिच्या सासूला आपल्या बळदात उतरवले. भाद्रपदात बळद रिकामेच असते. वरून फळी टाकली आणि स्वतः उंबऱ्यात बसून ज्वारी पाखडायला लागली. माणसे आली, विचारू लागली. बाईने सूप थांबवले नाही. पाखडता पाखडता उत्तरे दिली. आत अंधारात या दोघींना शब्द कळत नव्हते, फक्त सुपाचा आवाज येत होता. तो चालू आहे तोवर आपण जिवंत आहोत, एवढेच त्यांना समजत होते.

चाळीस वर्षे तिने हे आम्हाला सांगितले नव्हते. अब्बांनाही पूर्ण माहीत नव्हते.

पडद्यावरचा ताण आणि दादीचा ताण यांची घडण एकच आहे, असे मी पुढे सिनेमाबद्दल वाचू लागलो तेव्हा लक्षात आले. न दिसणारा धोका आवाजातून कळतो. हाताशी एखादे रोजचे काम असते, कुलूप उघडणे, ज्वारी पाखडणे, आणि भीती त्या कामाच्या लयीत भरून राहते. पार्श्वसंगीताची गरज पडत नाही. वनराज भाटियांनी 'तमस'ला दिलेले संगीत, विशेषतः शीर्षकाची ती आर्त हाक, अंगावर काटा आणणारी आहे आणि त्यांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण मला जे प्रसंग आठवतात ते घाव, धाप आणि पावलांच्या आवाजावर उभे आहेत.

याच तंत्राची दुसरी बाजू गुरुद्वाराच्या भागात दिसते, आणि तिथे माझे मालिकेशी थोडे भांडण आहे. गावातले शीख गुरुद्वारात जमले आहेत, बाहेरून हल्ला होणार आहे. आपण आत आहोत. बाहेरचे म्हणजे लांबून येणारे ढोल, घोषणा, मशाली. शेवटी स्त्रिया विहिरीत उड्या घेतात, पुढे जसबीर, उत्तरा बावकर. मार्च १९४७ मध्ये थोहा खालसा गावात असे खरेच घडले. प्रसंग विसरता येत नाही. पण बाहेरचा मुसलमान इथे फक्त आवाज झाला आहे. आवाजाला चेहरा नसतो, आईबाप नसतात, तो ओशाळत नाही. निहलानींनी राजोचे घर दाखवून त्या आवाजाला चेहरे दिले आहेत, म्हणून हिशेब जुळतो. राजोचा भाग काढून फक्त गुरुद्वारा ठेवला असता, तर याचिका करणाऱ्याचे म्हणणे मी आज एवढ्या सहज उडवून लावले नसते.

त्याच वर्षी मे महिन्यात औरंगाबादेत दंगल झाली. लासूर स्टेशनला काही झाले नाही, पण आठवडाभर रात्री झोप नव्हती. गाडीने येणारा प्रत्येक जण बातमी आणायचा आणि स्टेशनापासून बाजारपट्टीपर्यंत ती दुप्पट व्हायची. आमच्या मोहल्ल्यातले लोक माळवदावर दगड रचून जागत होते. 'उधर से आ रहे' म्हणून एका रात्री सगळे उठले. नंतर कळले की पलीकडच्या वस्तीतही त्याच रात्री 'तिकडून आले' म्हणून लोक उठले होते. त्यांनी आमच्या पळण्याचा आवाज ऐकला होता, आम्ही त्यांच्या. मधे रिकामे मैदान आणि दोन कुत्री. हिचकॉकचे टेबल होते, बॉम्ब नव्हता.

'तमस'नंतरच्या तीसेक वर्षांत टीव्हीने गुरुद्वाराचे तंत्र उचलले आणि राजोचे टाकले. गुन्ह्यांच्या नाट्यरूपांतरांत आणि वृत्तवाहिन्यांवर ताणाचा मालमसाला तोच आहे : थांबत थांबत पुढे जाणारे चित्र, ढोलाचा ठोका, लाल वर्तुळ, अर्ध्या अंधारातली दाढी, लांबून येणारी अजान. अजानच्या आवाजावर धोक्याचे दृश्य कापणे इतके सवयीचे झाले आहे की ते करणाऱ्या संपादकालाही बहुधा जाणवत नसावे. माझ्या घरी ती पाच वेळा येते आणि त्या वेळी फार तर दूध उतू गेलेले असते. हे लोक वाईट कारागीर आहेत असेही नाही. कट अचूक असतो. पण बॉम्ब कायम एकाच्याच टेबलाखाली आणि ठेवणाराही कायम एकच. माळ्यावर कुणाला बसवायचे आणि कुऱ्हाड कुणाच्या हाती द्यायची, हे जिथे दर वेळी आधीच ठरलेले असते, तिथे प्रेक्षकाला लेंटिन-मनोहरांनी ज्या अकलेचा मान दिला होता ती वापरायला जागाच उरत नाही.

ऑगस्ट २०१३ मध्ये 'तमस' एका वाहिनीवर पुन्हा दाखवली गेली, तेव्हा मी ती रंगीत आणि मुंग्यांशिवाय पाहिली. नत्थूच्या खोलीत बरेच काही दिसत होते जे आम्हाला दिसले नव्हते. राजोच्या दृश्यात मात्र नवे काही सापडले नाही, फक्त शेवट नीट ऐकू आला. मध्यरात्री ती दोघांना गावाबाहेर आणून सोडते. ट्रंकेतले दागिने तिने बाजूला काढून ठेवले आहेत, ते बंतोच्या हाती देते. आपण त्यांना वाचवतो आहोत की मरणाच्या तोंडी देतो आहोत, हे तिलाही कळत नाही आणि ती ते बोलून दाखवते. पुढे वाट अंधाराची आहे. दोघे चालू लागतात, आणि ती तिथेच उभी राहून त्यांची पावले ऐकत राहते.